निव्वळ नफ्यात अर्धा वाटा

सन २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी 'कौन बनेगा करोडपती'त एक कोटी रुपये जिंकले, तेव्हा अमरावतीपासून अकोल्यापर्यंत दुकानादुकानांत तोच विषय होता. शाळेत खिचडी शिजविणाऱ्या बाईंचे कौतुक व्हायलाच हवे होते. आम्हा व्यापाऱ्यांना मात्र आणखी एक प्रश्न पडतो. हा खेळ मूळ कोणाचा आणि त्याच्या कमाईत वाटा कोणाकोणाचा?

खेळ मूळचा ब्रिटनच्या सेलाडोर कंपनीचा. तेथे तो १९९८ साली आयटीव्हीवर सुरू झाला, १९९९ मध्ये अमेरिकेत डिस्नेच्या एबीसी वाहिनीवर गेला आणि २००० साली स्टार प्लसवर आपल्याकडे आला. याच सेलाडोरच्या चित्रपट शाखेने पुढे मुंबईत 'स्लमडॉग मिलियनेअर' काढला. म्हणजे हॉलिवूडच्या मोठ्या घराण्यांशी या एका कंपनीने दोन तऱ्हांनी व्यवहार केला.

चित्रपटाचा व्यवहार वऱ्हाडी माणसाला लगेच समजेल. सेलाडोरने ब्रिटनच्याच फिल्मफोरबरोबर चित्रपट उभा केला आणि अमेरिकेचे हक्क वॉर्नरच्या एका लहान शाखेला ५० लाख डॉलरला विकले. आपल्या अमरावतीत सी.पी. बेरार सर्किटच्या वितरकांच्या कचेऱ्या आहेत. मुंबईचा निर्माता चित्रपट काढतो, वितरक आपल्या मुलखापुरते हक्क ठरावीक रक्कम मोजून घेतो. चालला तर त्याचे नशीब, पडला तर त्याचेच. निर्मात्याची रक्कम आधीच गाठीला. २००८ मध्ये वॉर्नरने ती शाखाच बंद केली आणि चित्रपट अडकण्याची वेळ आली. मग फॉक्स सर्चलाइट भागीदार म्हणून आत आली. सुमारे दीड कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात ३७ कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमविला, २००९ मध्ये आठ ऑस्कर मिळविले.

डिस्नेबरोबरचा मामला निराळा होता. अमेरिकेतील कार्यक्रमाच्या नफ्यात सेलाडोरचा अर्धा वाटा ठरला होता. कार्यक्रम तुफान चालला, पण हिशेबाच्या वहीत नफाच दिसेना! कारण असे की, कार्यक्रम तयार करणारी कंपनी डिस्नेची आणि तो विकत घेणारी एबीसीही डिस्नेचीच. एबीसी आपल्या बहीण कंपनीला तेवढीच फी देई, जेवढा तयार करण्याचा खर्च. जाहिरातींचा पैसा एबीसीकडे राहिला आणि सेलाडोरचा वाटा होता तो दुसरीकडच्या नफ्यात. समजा, दोन सख्खे भाऊ आहेत. एकाचा माग, दुसऱ्याचे दुकान. तुमची निम्मी भागीदारी मागात. मागवाल्याने सगळे कापड भावाला पडत्या भावात, म्हणजे खर्चाच्याच किमतीत दिले, तर तुमच्या हाती काय येणार? घराण्यात नफा भरपूर, मागाच्या वहीत शून्य.

सेलाडोरने २००४ साली कॅलिफोर्नियात दावा लावला. एवढ्या मोठ्या घराण्याशी भांडणे म्हणजे पुढचा धंदा घालवून बसणे, असे पुष्कळांना वाटले असते. सहा वर्षे खटला चालला. २०१० मध्ये ज्युरीने सेलाडोरला २६ कोटी ९२ लाख डॉलर द्यावेत असा निर्णय दिला. त्या वेळच्या भावाने बाराशे कोटी रुपयांच्या वर! व्याज धरून रक्कम ३१ कोटी डॉलरच्या पुढे गेली. डिस्ने अपिलात गेली, पण २०१२ मध्ये तेथेही निकाल कायम राहिला. आमच्या मते यात कायद्यापेक्षा हिमतीचा भाग मोठा. आठ वर्षे वकिलांचे बिल भरण्याची ताकद आपल्याकडच्या कोणत्या पेढीत आहे?

म्हणून करार करतानाच पाहावे लागते. 'निव्वळ नफा' म्हणजे कोणत्या वहीतला, खर्च कोण लावणार, आणि माल आपल्याच नातलग कंपनीला विकला तर भाव कोणता धरणार, हे कागदावर आले पाहिजे. मोठ्या कंपन्यांची दुकाने चालवायला घेणारे तरुण वऱ्हाडात आता पुष्कळ दिसतात. आमच्या ओळखीच्या एका मुलापुढे सध्या असाच कागद आहे. निव्वळ नफ्याचे तीस टक्के. माल कंपनीचा, गोदाम कंपनीचे, गाडीभाडे ठरविणारीही तीच. आम्ही त्याला विक्रीवर पाच टक्के मागायला सांगितले. कंपनी अजून तयार नाही, आणि त्यानेही अजून सही केलेली नाही.