पोटाच्या डॉक्टरांची पाटी वाचता येते का?

मैत्रिणींनो, फडताळातला औषधांचा डबा एकदा खाली काढून बघा. सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, यांच्या मधुमेहाच्या, धाकट्याचं खोकल्याचं औषध. प्रत्येक औषधाला मालक आहे, प्रत्येकाची चिठ्ठीही असेल. आणि तळाशी, कात्रीनं अर्धी कापलेली, ॲसिडिटीच्या गोळ्यांची एक पट्टी. तिची चिठ्ठी नाही. ती कुणाची, हे विचारायलाच नको!

सकाळी उपाशीपोटी दोनदा चहा, मग सगळ्यांचे डबे, दीड-दोनला जेवण, आणि रात्री उरलंसुरलं टाकवत नाही म्हणून संपवणं. जळजळलं की एक गोळी, पोट फुगलं की ओवा आणि पादेलोण. कुणी विचारलंच तर उत्तर तयार: "काही नाही हो, गॅस झालाय." या 'गॅस' शब्दात आपण बायका काय काय कोंबतो! छातीतली जळजळ, करपट ढेकर, बरगडीखालची कळ, मळमळ, दोन घासांत पोट भरणं, चार-चार दिवस शौचाला न होणं. आपल्या लेखी हे सगळं एकच. डॉक्टरांच्या लेखी ही निरनिराळी दुखणी, आणि त्यांची कारणंही निरनिराळी.

मुलाला ताप आला तर कुणाकडे न्यायचं, हे आपल्याला पाठ असतं. स्वतःच्या पोटासाठी कुणाकडे जायचं, हे मात्र ठाऊक नसतं. म्हणून आज जरा या पोटाच्या डॉक्टरांची ओळख करून घेऊ.

त्यांना म्हणतात गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्ट. नावातच जीभ अडखळते, म्हणून आपण 'गॅस्ट्रोवाले' म्हणतो. मराठीत पोटविकारतज्ज्ञ. अन्ननलिकेपासून जठर, लहान आतडं, मोठं आतडं ते थेट गुदद्वारापर्यंत त्यांची हद्द. शिवाय यकृत, पित्ताशय आणि स्वादुपिंड. मूतखडा त्यांचा नव्हे, गर्भाशय आणि अंडाशयही त्यांची नव्हेत. पोटात दुखतं म्हणजे दरवेळी पोटाचेच डॉक्टर लागतात असं नाही, हेही लक्षात असू द्या. पन्नाशीनंतर पोट सतत फुगलेलं राहत असेल, ओटीपोट जड वाटत असेल आणि थोडं खाऊनच पोट भरत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून अंडाशयाचीही तपासणी करून घ्यायला हवी.

आता पाटीकडे वळू. पहिली अक्षरं एम.बी.बी.एस. साडेचार वर्षांचं शिक्षण आणि एक वर्ष रुग्णालयातली उमेदवारी. त्यानंतर एम.डी. मेडिसिन, म्हणजे सगळ्या शरीराच्या रोगांचा तीन वर्षांचा अभ्यास. मग पुन्हा प्रवेशपरीक्षा आणि फक्त पचनसंस्थेसाठी आणखी तीन वर्षं. ही शेवटची पदवी डी.एम. एकूण साडेअकरा वर्षं, तीही कुठं न अडखळता पार पडली तर. अठराव्या वर्षी कॉलेजात शिरलेली मुलगी स्वतःच्या नावाची पाटी लावते तेव्हा तिशीला टेकलेली असते. डी.एम.ऐवजी डी.एन.बी. किंवा डीआर.एन.बी. अशी अक्षरं असतील तरी बिचकू नका, तोही त्याच तोडीचा रस्ता आहे. मात्र त्यापुढे कंसात कोणता विषय लिहिलाय, ते वाचायचं.

एम.एस. आणि पुढे एम.सीएच. असेल तर ते शस्त्रक्रिया करणारे. पित्ताशय काढायचं, आतड्याचा तुकडा काढायचा, तर ते काम यांचं. डी.एम.वाले औषधं देतात आणि दुर्बिणीचं काम करतात. पुष्कळ गावांत एम.डी. किंवा एम.एस. झालेले डॉक्टरही दुर्बिणीची तपासणी शिकून घेऊन उत्तम करतात. त्यात गैर काही नाही. पण 'पोटविकारतज्ज्ञ' हा शब्द पाटीवर बऱ्याच सैलपणे लिहिला जातो, म्हणून शब्द न वाचता अक्षरं वाचावीत. अक्षरांची लांबलचक आगगाडी असेल तर त्यातली परीक्षेची किती आणि नुसत्या सभासदत्वाची किती, हे विचारायला लाजू नये. चिठ्ठीवर वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. साडी घेताना काठापासून पदरापर्यंत उलटून पाहतो आपण, मग इथेच कसला संकोच?

या शाखेत स्त्री-डॉक्टर अजून कमी आहेत. गुदद्वाराची तपासणी म्हटली की आपल्या बायका अंग चोरतात आणि नेमकी मूळ तक्रार सांगायचीच विसरतात. तपासणीच्या वेळी खोलीत नर्स हवी, असं स्पष्ट सांगा. ती मागणी रास्त आहे, आणि चांगले डॉक्टर ती व्यवस्था आपणहून करतात.

या डॉक्टरांच्या हातातली दुर्बीण कशी आली, त्याची कथा गमतीची आहे. 1868 साली कुसमाउल नावाच्या जर्मन डॉक्टरानं तलवार गिळण्याचे खेळ करणारा माणूस गाठला आणि त्याच्या घशातून सरळ नळी जठरात उतरवली. सरळ, ताठ नळी! सामान्य माणसानं ती गिळायची कशी? पुढे 1954 साली पंजाबातल्या मोग्याला जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे इंग्लंडमधले गुरू हॉपकिन्स यांनी काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून, वाकवूनही, चित्र पलीकडे नेता येतं हे दाखवलं. ते वाचून अमेरिकेत हिर्शोविट्झ यांनी 1957 मध्ये लवचिक दुर्बीण बनवली आणि आधी स्वतःच गिळून पाहिली. आजच्या नळीच्या टोकाला इवलासा कॅमेरा असतो आणि नळी साधारण करंगळीएवढी जाड असते.

दुसरी कथा तर थेट आपल्या स्वयंपाकघराशी भिडते. अल्सर झाला की खापर कुणावर? सुनेच्या तिखट आमटीवर! ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथल्या वॉरन आणि मार्शल या दोन डॉक्टरांना जठरात एक पिळदार जंतू सापडला. 1982 साली मार्शल यांनी तो प्रयोगशाळेत वाढवूनही दाखवला. लोकांना पटेना, तेव्हा 1984 मध्ये ते जंतू घातलेलं पाणी ते स्वतःच प्यायले. आठवड्याभरात उलट्या सुरू झाल्या आणि जठराला सूज आलेली दिसली. 2005 साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. हा जंतू आपल्याकडे पुष्कळांच्या पोटात असतो, सगळ्यांनाच त्रास देतो असं नाही. पण अल्सरची दोन मोठी कारणं म्हणजे हा जंतू आणि अंगदुखीच्या, सांधेदुखीच्या गोळ्या. तिखटानं जळजळ वाढते, अल्सरचं मूळ मात्र बहुतेक वेळा तिथं नसतं. जंतू सापडला तर साधारण दोन आठवडे औषधांचा मारा करावा लागतो. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडल्या, तर तो चिवट होऊन बसतो.

आणि त्या कात्रीनं कापलेल्या पट्टीचं काय? ज्यांच्या नावाच्या शेवटी 'प्राझोल' येतं त्या गोळ्या जेवणाआधी अर्धा तास घ्यायच्या असतात. जेवून उठल्यावर घेतल्या तर त्यांचा गुण कमी येतो. डॉक्टरांनी ठराविक मुदतीसाठी दिल्या तर त्या उत्तम औषध आहेत. पण वर्षानुवर्षं मनानंच घेत राहिलं तर शरीरातलं बी-12 आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. त्याहून वाईट म्हणजे, आत दुखणं वाढत असलं तरी वरची जळजळ तेवढी झाकली जाते.

आमच्या परिचयातल्या एका बाईंचं असंच झालं. वय बावन्न, पाळी थांबून दोन वर्षं झालेली. जिना चढताना धाप लागायची. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ. "बायकांना रक्त कमीच असतं" असं सगळ्यांनीच म्हटलं, त्यांनीही म्हटलं. लोहाच्या गोळ्या, बीट, खजूर, अळीव, सारं झालं. रक्त थोडं वर जाई, पुन्हा खाली येई. दीड वर्ष असं गेलं. शेवटी जावयानं आग्रहानं पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला: "पाळी बंद आहे, तर मग रक्त जातंय कुठून?" दुर्बिणीनं मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात गाठ दिसली. तिथून थेंब-थेंब रक्त जात होतं, डोळ्यांना दिसेल असं कधीच नव्हतं. शस्त्रक्रिया झाली. आज त्या हिंडत्याफिरत्या आहेत, दर काही महिन्यांनी तपासणीला जातात. पण ती दीड वर्षं त्यांना अजून बोचतात. हा प्रश्न दीड वर्षात एकालाही सुचू नये!

पाळी थांबल्यावरही रक्त कमी होत असेल, तर नुसत्या गोळ्यांवर भागवू नका. गिळताना घास अडकणं, प्रयत्न न करता वजन उतरणं, वारंवार उलट्या, रक्ताची उलटी, शौचावाटे रक्त किंवा डांबरासारखी काळी चिकट शौच, डोळे पिवळे होणं, यांतलं काहीही झालं तरी अंगावर काढू नये. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, म्हणून त्या चालू असल्यास डॉक्टरांना सांगा. गरोदरपणी कावीळ दिसली तर एक दिवससुद्धा थांबू नका. आणि छातीतल्या जळजळीबरोबर दरदरून घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ असेल, तर पोटाच्या नव्हे, हृदयाच्या तपासणीसाठी लगेच धावा. बायकांचा हृदयविकार 'गॅस'चं सोंग घेऊन येतो.

पहिल्या भेटीला जाताना जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. घेत असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्या, त्यात वैद्यांचे काढे आणि शेजारणीनं दिलेली गोळीही आली. घरात कुणाला पोटाचा किंवा आतड्याचा कर्करोग झाला होता का, हे माहेरीही विचारून घ्या. माहेरचं दुखणं आपण सहसा सांगत नाही, पण शरीर आपल्याला तिकडूनच मिळालेलं असतं. तालुक्याच्या गावी असे डॉक्टर बहुधा आठवड्या-पंधरवड्यातून एकदा शहरातून येतात. तेव्हा तपासणीनंतर रात्री-अपरात्री त्रास झाला तर गावात कुणाकडे जायचं, हे त्यांनाच विचारून ठेवा. दुर्बीण दर रोग्यानंतर कशी निर्जंतुक करतात, भूल कोण देणार, आणि तुकडा काढून तपासायचा झाला तर त्याचे पैसे वेगळे का, हेही आधीच विचारा. खर्च झेपत नसेल तर मुंबईत के.ई.एम., नायर, शीव आणि जे.जे. या सार्वजनिक रुग्णालयांत हे विभाग आहेत. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतही या शाखेतले काही उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' असतो, त्याच्याकडे चौकशी करा.

वरून दुर्बीण घालायची असेल तर सहा ते आठ तास पोट रिकामं हवं. उपाशी म्हणजे खरोखर उपाशी, बरं का! साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचा लाडू, केळं, यांतलं काहीच चालत नाही. घसा बधिर करायला फवारा मारतात, डाव्या कुशीवर झोपवतात, आणि पाच-दहा मिनिटांत सगळं आटोपतं. कवळी, नथ घरीच काढून ठेवा. नखांना रंग नको, कारण बोटाला लावलेल्या यंत्रानं रक्तातला प्राणवायू मोजायचा असतो.

मोठ्या आतड्याच्या तपासणीची तयारी जास्त कटकटीची. आदल्या दिवशी पालेभाज्या, बियांची फळं बंद, मग पाण्यात कालवलेलं जुलाबाचं औषध घोट-घोट करत दोन लिटरपर्यंत प्यायचं. गार करून प्यायलं तर चव जरा सुसह्य लागते. त्या रात्री घरात पाहुणे नकोत आणि संडास मोकळा हवा! आतडं नीट स्वच्छ झालं नाही तर काही दिसत नाही आणि सगळी यातायात पुन्हा करावी लागते. लोहाच्या गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं काय करायचं, ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. तपासताना मशासारखी वाढ सापडली तर बहुतेकदा तिथल्या तिथे काढून टाकतात, ती पुढे वाढून कर्करोग होण्याचा धोका त्यामुळे टळतो.

गुंगीचं इंजेक्शन घेतलं असेल तर सोबत कुणीतरी हवंच. दुसऱ्या दिवसापर्यंत स्कूटर चालवायची नाही, कसल्या महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही. आणि त्या संध्याकाळचा स्वयंपाक दुसऱ्या कुणालातरी करू द्या. पिठलं जरा पातळ झालं तरी चालेल.