धुक्याच्या मागावर : कॅलिफोर्नियाचा किनारा आणि द्राक्षबागा

मुलगा किंवा मुलगी सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास नोकरीला आणि आईवडील पुण्या-नाशिकहून दोन-तीन महिने तिकडे राहायला गेलेले, अशा घरांतून एक सहल ठरल्यासारखी होते. शुक्रवारी संध्याकाळी गाडी दक्षिणेला निघते. बिक्सबी पुलावर फोटो, हर्स्टच्या टेकडीवरच्या महालापुढे फोटो, कुठल्याशा वायनरीत सूनबाई-जावईबापूंचे चार घोट आणि रविवारी रात्री घर. आईवडिलांच्या लक्षात राहतात ती वळणं आणि मळमळ. किनारा वेगळा, द्राक्षबागा वेगळ्या, दोन्ही ‘बघून झालं’ एवढंच.

खरं तर या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. पॅसिफिक नसता तर तिथली वाइनही आज आहे तशी झाली नसती. हा संबंध ध्यानात घेऊन प्रवास आखला, तर कुठे थांबायचं आणि किती थांबायचं हे पुष्कळसं आपोआप ठरतं.

आधी रस्ता. कार्मेल ते केंब्रिया हे अंतर जेमतेम शंभर मैल. नकाशावर दोन तासांचं वाटतं, पण न थांबता गेलं तरी अडीच-तीन तास लागतात, आणि न थांबता जाण्यात अर्थच नाही. सांता लुसिया डोंगर इथे थेट समुद्रातून उठतो आणि त्याच्या कुशीत कोरून काढलेला हा रस्ता १९३७ साली खुला झाला. तो बांधताना सॅन क्वेंटिन तुरुंगातले कैदी राबले. कामाच्या बदल्यात त्यांना शिक्षेत सूट मिळत असे. बिक्सबी खाडीवरचा कमानीचा पूल त्याआधीच, १९३२ साली पुरा झाला होता. हा डोंगर अजूनही स्वस्थ नाही. २०१७ च्या मे महिन्यात मड क्रीकपाशी अख्खा उतार समुद्रात गेला आणि तिथला रस्ता पुन्हा सुरू व्हायला पुढच्या वर्षीचा जुलै उजाडला. त्यानंतर २०२१, २०२३ आणि २०२४ मध्येही कुठे ना कुठे तो तुटला. पावसाळ्यात वरंध घाटाची बातमी बघून निघणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायला नको. हॉटेलं ठरवण्यापूर्वी रस्ता सलग सुरू आहे का हे पाहावं, आणि नसेल तर आतल्या बाजूचा १०१ क्रमांकाचा हमरस्ता हाताशी ठेवावा.

दोन साध्या सूचना. प्रवास उत्तरेकडून दक्षिणेकडे करावा. अमेरिकेत गाडी उजव्या बाजूने चालते, त्यामुळे समुद्र आपल्याच बाजूला राहतो आणि थांबण्याच्या जागांवर वळायला समोरची रांग ओलांडावी लागत नाही. दुसरी : मागे पाच किंवा अधिक गाड्या साचल्या, तर हळू जाणाऱ्याने पहिल्या सोयीच्या जागी बाजूला होऊन त्यांना वाट द्यावी, असा तिथला कायदाच आहे. सावकाश जायला हरकत नाही, दुसऱ्याला अडवायला आहे. हा कायदा आपल्या घाटांतही यावा असं मला फार वाटतं.

आता धुकं. या किनाऱ्यालगत उत्तरेकडून थंड प्रवाह वाहतो, आणि वाऱ्यामुळे वरचं पाणी दूर ढकललं गेलं की खालचं आणखी गार पाणी वर येतं. त्यावरची दमट हवा थंडावते आणि धुक्याचा पट्टा समुद्रावर पसरून राहतो. उन्हाळ्यात आतला प्रदेश तापला की तिथली हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला हे धुकं आत ओढलं जातं. पण वाटेत डोंगराची भिंत आहे. जिथे खिंड सापडेल तिथूनच ते शिरतं, आणि जिथे शिरतं तिथे द्राक्षं वेगळी होतात. दिवसा ऊन साखर भरतं, रात्रीचा गारवा आंबटपणा टिकवून धरतो. चांगल्या वाइनला दोन्ही लागतं.

म्हणून जूनमध्ये किनाऱ्यावर गेलेल्यांचा हिरमोड होतो. जुलैतल्या एखाद्या दुपारी केंब्रियात पंधरा-सोळा अंश असतात आणि स्वेटर शोधावा लागतो, तेव्हा डोंगरापलीकडे तीसेक मैलांवर पासो रोब्लेसला पारा सदतीसच्या पुढे असू शकतो. तिथेच रात्री पुन्हा गारठा पडतो. टेंपलटनजवळच्या खिंडीतून येणारा समुद्रवारा ज्या बागांना लागतो त्या पश्चिमेकडच्या, आणि पूर्वेकडच्या उघड्या, तापट. या फरकांमुळेच २०१४ साली पासोच्या प्रदेशाचे अकरा उपविभाग पाडले गेले.

आणखी दक्षिणेला सांता इनेझच्या खोऱ्यात गोष्ट उलटी आहे. भूकवचाच्या हालचालींत इथला डोंगराचा तुकडा गेल्या दोनेक कोटी वर्षांत सुमारे नव्वद अंशांनी फिरला, त्यामुळे रांगा पूर्व-पश्चिम आडव्या पडल्या. इथे भिंत नाही, समुद्राकडे उघडलेलं दारच आहे. म्हणून पिनो न्वारसारखं नाजूक, उन्हाने बिघडणारं द्राक्ष इथे रुजलं. ‘साइडवेज’ या २००४ च्या चित्रपटाने ते जगभर पोचवलं, आणि सोबत गर्दीही आणली.

द्राक्ष इथे आणलं स्पॅनिश पाद्र्यांनी. १७६९ ते १८२३ या काळात त्यांनी एकवीस मिशनं उभारली. कार्मेल, सॅन मिगेल, सान लुइस ओबिस्पो, सांता इनेस ही आपल्या वाटेवरची. ती पांढरी, शांत आवारं सुंदर आहेत. पण वेली लावणारे, विटा पाडणारे हात इथल्या मूळ रहिवाशांचे होते, आणि मिशनात आलेल्यांना परत जाण्याची मुभा नव्हती. रोगांनी ते फार मोठ्या संख्येने मेले. १८२४ साली सांता इनेसला एका चुमाश तरुणाला फटके मारले गेले आणि त्यातून उठाव झाला. तिथे गेल्यावर बाग बघून लगेच निघू नये.

पासोची आठवण मात्र हसरी आहे. पोलंडचा थोर पियानोवादक पादेरेव्हस्की दुखऱ्या हातांसाठी इथल्या गरम झऱ्यांवर आला, १९१४ मध्ये त्याने जवळच जमीन घेतली, मधल्या काळात, १९१९ साली पोलंडचा पंतप्रधान झाला, आणि पुढे या जमिनीत झिनफँडेल लावलं. तेव्हा अमेरिकेत दारूबंदी होती!

कधी जावं? नाशिककर इथे चकतील. आपल्याकडे वेल झोपत नाही. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसानंतर गोडी छाटणी, आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. तिकडे थंडीत वेल निपचित पडते आणि तोडणी ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम : किनाऱ्यावर धुकं विरळ, वायनऱ्यांत आंबणाऱ्या रसाचा वास. नाशिकच्या वाइनमध्येही या प्रदेशाचा अंश आहे. राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून नाशिकला परतले, तेव्हा सुला उभी करताना तिथलेच वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की त्यांच्या सोबतीला होते.

मुक्काम थोडे करावेत : माँटेरेला एक रात्र, केंब्रिया किंवा मोरो बेला दोन, पासोला दोन, सांता इनेझला एक. दिवसाला दोनच वायनऱ्या, गाडी चालवणाऱ्याने चव घेऊन थुंकावं, त्यात कमीपणा नाही. न पिणाऱ्यांसाठी पिएद्रास ब्लांकासच्या वाळूवर पसरलेले हत्ती-सील आहेत. १९९० पूर्वी तिथे त्यांची वसाहतच नव्हती.

पासोच्या बागांत चालताना मात्र ठिबकच्या नळ्यांकडे लक्ष द्यावं. पाणी बरंचसं जमिनीखालून येतं. २०१३ मध्ये घरगुती विहिरी कोरड्या पडू लागल्या, तेव्हा काउंटीला नव्या उपशावर तातडीची बंधनं घालावी लागली. वायनरीतल्या माणसाला हे विचारलं तर तो रागावत नाही, उलट पेला बाजूला ठेवून बराच वेळ बोलतो.

किनारा सोडून पासोला गेल्यावर एका संध्याकाळी ४६ क्रमांकाच्या रस्त्याने पुन्हा पश्चिमेला यावं. गाडीतला तापमानाचा आकडा मैलामैलाला उतरत जातो. माथ्यावर थांबलं की खाली मोरोचा खडक दिसतो, आणि तो दिसत नसेल तर धुकं निघालेलं आहे, अर्ध्या-पाऊण तासात ते बागांपर्यंत पोचेल.