एका ‘एच’ने अडवलेला पासपोर्ट

सीमाभागातल्या माणसाचे नाव एकच असते, पण ते तीन लिप्यांतून प्रवास करते. घरी आणि मराठी शाळेत देवनागरी, ग्रामपंचायतीत आणि तलाठ्याकडे कन्नड, आणि पासपोर्टच्या अर्जावर रोमन. देवनागरीतून थेट रोमनमध्ये गेलेले नाव एक रूप घेते, कन्नडमार्गे गेलेले दुसरेच. दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. पण कागद तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढे ती दोन वेगळी माणसे ठरतात आणि हेलपाटे सुरू होतात. आखातातल्या नोकरीचा व्हिसा हातात आलेला असतो, रुजू होण्याची तारीख जवळ येत असते आणि गाडी अडलेली असते एका ‘एच’पाशी.

हा ‘एच’ येतो कुठून? मराठी माणूस ‘त’साठी इंग्रजी ‘टी’ लिहितो. दक्षिणेकडे ‘टी’ हा ‘ट’साठी राखलेला, ‘त’ लिहायचा तर ‘टी’ला ‘एच’ जोडण्याचा रिवाज आहे. त्यामुळे आपल्या सविता, सुनीता, ज्योती, भारती यांच्या नावांत कचेरीत गेल्यावर एक ‘एच’ येऊन बसतो. ज्ञानेश्वराची कथा याहून अवघड. आपण त्याची सुरुवात ‘डी-एन-वाय’ने करतो, तर कन्नड वळणाने तीच ‘जी-एन’ किंवा ‘जे-एन’ने होते. शब्दाच्या शेवटचा ‘अ’ मराठीत आपण गिळतो, कन्नडमध्ये तो उच्चारला जातो. म्हणून गणेशच्या शेवटी एक जादा ‘ए’ लागतो. यात कोणाचा खोडसाळपणा असतोच असे नाही. कारकुनाने त्याच्या भाषेच्या सवयीने लिहिले, मास्तरांनी आपल्या.

उगाच सगळे खापर एका भाषेवर फोडण्याचेही कारण नाही. कल्लाप्पा, यल्लाप्पा ही नावे आपल्याच गावांतली मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या लावत आली आहेत; तो ‘अप्पा’ कोणी लादलेला नाही. शिवाय ही गत फक्त आपलीच नाही. वडोदऱ्याच्या मराठी घरांत कागदोपत्री नावामागे ‘भाई’ आणि ‘बेन’ लागतात. गोव्यात पोर्तुगीज दप्तराने शेणईचा ‘सिनाय’ आणि प्रभूचा ‘पोरोबो’ केला. तिथे तर नाव-आडनाव बदलण्यासाठी १९९० साली स्वतंत्र कायदाच करावा लागला. इंदूर-ग्वाल्हेरचे आपले बांधव त्या मानाने सुखी, कारण हिंदी आणि मराठीची लिपी एकच.

आता अर्जाकडे वळू. पासपोर्टवरचे नाव चुकले तर ‘दुरुस्ती’ होते असा आपल्याकडे समज आहे. छापील पुस्तिकेत खाडाखोड करून काहीही दुरुस्त होत नाही. पासपोर्ट नव्याने काढावा लागतो. याला ‘रि-इश्यू’ म्हणतात. ३६ पानी पुस्तिकेचे १५०० रुपये पुन्हा भरावे लागतात. अर्जात ‘रि-इश्यू’वर खूण केल्यावर कारण विचारतात, तिथे ‘वैयक्तिक तपशिलात बदल’ हे कारण निवडून नेमके काय बदलायचे आहे, नाव, आडनाव, जन्मतारीख की जोडीदाराचे नाव, तेही सांगावे लागते. नुसते नवे स्पेलिंग लिहून सोडून दिले आणि ही खूण राहिली, तर जुन्या आणि नव्या नोंदीत विसंगती तेवढी दिसते.

याच अर्जात आणखी एक प्रश्न असतो: तुम्ही कधी दुसऱ्या नावाने ओळखले जात होता काय? आपल्याकडच्या सुनांनी इथे थांबून विचार करावा. माहेर चंदगड किंवा गडहिंग्लजचे, दाखला महाराष्ट्रातला, सासर खानापूर तालुक्यात, रेशनकार्ड कन्नडमध्ये, आणि लग्नात नावही बदललेले. ‘नाही लिहा, भानगड नको’ असा सल्ला देणारे एजंट भेटतात. तो सल्ला ऐकू नये. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाणूनबुजून माहिती दडवणे हा गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खरे नाव बदलले असेल तर प्रतिज्ञापत्र, दोन वृत्तपत्रांतल्या जाहिराती आणि नव्या नावाचे पुरावे लागतात. पण स्पेलिंगचा फरक म्हणजे नाव बदलणे नव्हे. दप्तरातही या गोष्टी वेगळ्या धरल्या जातात. त्या एक करून सांगतात ते एजंट.

आडनावाचा रकाना हा आणखी एक फास. नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही आपली मराठी रीत. अर्जात रकाने दोनच. वडिलांचे नाव पहिल्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे जायला हवे. शाळेच्या दाखल्यावर मात्र वडिलांचे नुसते आद्याक्षर असते आणि अर्जात आद्याक्षर चालत नाही. काही जण सगळे टाळून पहिल्या रकान्यात एकच नाव लिहितात नि आडनाव कोरे ठेवतात. आपले सरकार असा पासपोर्ट देते, पण संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये एकच शब्द असलेल्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसाने येणाऱ्यांना प्रवेश नाकारण्याचा नियम केला. पुढे पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असेल तर चालेल, असा खुलासा झाला. तोवर अनेकांचे धाबे दणाणले होते.

सरकारने अर्ज सुटसुटीत केलाच नाही असे म्हणता येणार नाही. डिसेंबर २०१६ च्या बदलांनी जोडपत्रे १५ वरून ९ वर आली, ती साध्या कागदावर स्वतःच्या सहीने देता येऊ लागली, नोटरीचा शिक्का गेला. आई किंवा वडील यांपैकी एकाचे नाव पुरेसे ठरले. हे उपकारक बदल आहेत. मग एक रकाना का नाही? अर्जदाराने आपले नाव आपल्या लिपीत लिहावे, आणि रोमनमधला फरक केवळ लिपीमुळे असेल तर तसे निवेदन ग्राह्य धरावे, एवढेच मागणे आहे. राज्यघटनेचे कलम ३५० नागरिकाला गाऱ्हाणे मांडताना संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेची मुभा देते. नावापुरती ती मुभा अर्जात आली तर आभाळ कोसळणार नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारनेच बेळगावचे ‘बेळगावी’ केले. गावाचे स्पेलिंग सरकारला बदलता येते, मग सविताच्या ‘एच’साठी एवढा संशय कशाला?

तो रकाना येईल तेव्हा येईल. तोवर दुरुस्ती मुळापासून करावी. आधी जन्मनोंद, मग शाळा, मग आधार, शेवटी पासपोर्ट. आपल्याकडे नेमके उलटे होते. एजंट सांगेल तसे आधारवर स्पेलिंग फिरवले जाते. आधारवरचे नाव सर्वसाधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येते. जन्मनोंदीतली चूक १९६९ च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे निबंधक दुरुस्त करू शकतो. मूळ नोंद न खोडता समासात शेरा मारतात. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो, तेव्हा आजच्या पाळण्यातल्या पोरांचे तर सारे त्या एका कागदावर येऊन ठेपले आहे. बारशानंतर नाव नोंदवायला जाताना ते तोंडी सांगू नये. देवनागरी, कन्नड आणि रोमन, तिन्ही लिप्यांत एका चिठ्ठीवर लिहून न्यावे आणि दाखला हातात पडल्यावर तिथेच उभे राहून अक्षरन्‌अक्षर ताडून पाहावे. वर्षाच्या आत नाव घालायला शुल्क पडत नाही.