हमरस्त्यावरील धूर आणि तीन राज्यांच्या सीमा

सोलापूरहून हैदराबादकडे निघालेली मालमोटार नळदुर्ग, उमरगा मागे टाकून पुढे गेली म्हणजे महाराष्ट्राची हद्द संपते आणि बिदर जिल्हा लागतो. बसवकल्याणचा फाटा व हुमनाबाद ओलांडून ती जहीराबादेकडे वळते, तोच कर्नाटकही संपते आणि तेलंगण सुरू होते. पूर्वी 9 क्रमांकाचा व आता 65 क्रमांकाचा म्हणून ओळखला जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग सुमारे तीनशे किलोमीटरांच्या अंतरात तीन राज्यांची भूमी तुडवितो. वाटेत दुकानांवरील पाट्यांची लिपी दोनदा पालटते. मोटारीच्या नळीतून निघणारा धूर मात्र एकच असतो.

हा मुलूख असा तिघांत वाटला गेला तो 1 नोव्हेंबर 1956 रोजी. त्यापूर्वी बिदर हा हैदराबाद राज्याचा एकसंध जिल्हा होता. राज्यपुनर्रचनेत बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद हे तालुके म्हैसूर राज्यात गेले, उदगीर, अहमदपूर व निलंगा मुंबई राज्याकडे आले आणि जहीराबाद व नारायणखेड आंध्रात गेले. निजामाच्या अमदानीत 1932 साली सुरू झालेली सरकारी मोटारसेवाही पुढे तिघांत विभागली गेली. भालकी-औरादकडील मराठी घरांच्या लेकी आजही उदगीर-निलंग्याकडे नांदतात; व्यवहार तुटला नाही. पण रस्त्यावरील वाहनांचा विचार करणारी कचेरी एक होती, तिच्या तीन झाल्या.

धुराचा प्रश्न नीट समजण्यासाठी प्रथम गंधकाकडे वळले पाहिजे. खनिज तेलात गंधक निसर्गतःच असते. डिझेलबरोबर ते जळले की त्याचा दाहक वायू होतो व काही अंश सूक्ष्म कणांच्या रूपाने हवेत तरंगत राहतो. एवढ्यावरच ते थांबते तर बरे होते! धुरातील विषारी वायूंचे रूपांतर करण्यासाठी नव्या मोटारींच्या नळीत प्लॅटिनमसारख्या धातूंचा मुलामा दिलेले उत्प्रेरक यंत्र बसविलेले असते. गंधक या मुलाम्यावर बसते आणि यंत्र निकामी करते. म्हणजे इंधन गलिच्छ असेल तर उत्तम इंजिनही व्यर्थ जाते. आधी तेल शुद्ध, मग यंत्र सुधारलेले, हाच क्रम शास्त्राला मान्य आहे.

आपल्या देशाने हा क्रम पाळला, पण टप्प्याटप्प्याने आणि शहरांपासून आरंभ करून. मूळचे गोव्यातील माशेल येथील शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून 2003 साली वाहन-इंधनाचे राष्ट्रीय धोरण ठरले. तेलशुद्धीकरणाचे कारखाने बदलणे हे फार खर्चाचे काम असल्याने देशभर एकदम उडी घेणे शक्य नव्हते, हे खरेच. त्यानुसार 2010 च्या एप्रिलमध्ये तेरा शहरांना भारत स्टेज चार दर्जाचे, म्हणजे दहा लाख भागांत गंधकाचे जास्तीत जास्त 50 भाग असलेले डिझेल मिळू लागले. उरलेल्या देशासाठी ही मर्यादा 350 होती. या तेरा शहरांत सोलापूर होते आणि हैदराबादही होते.

मधल्या हुमनाबादचे काय? मार्गाच्या एका टोकाला शुद्ध तेल, दुसऱ्या टोकालाही शुद्ध तेल, आणि मध्ये बिदर-कलबुर्गीच्या पंपांवर सातपट गंधकाचे तेल, अशी स्थिती काही वर्षे होती. सोलापुरात घेतलेली नवी मोटार आप्तांच्या भेटीला बिदरला गेली की तिच्या पोटात तेथलेच तेल पडे. सरकारलाही ही अडचण ठाऊक होती. म्हणूनच आंतरराज्य किंवा राष्ट्रीय परवान्यावर धावणाऱ्या चारचाकी व्यापारी वाहनांना त्या शहरांतील नव्या नियमातून सूट दिली गेली. सीमा ओलांडून सर्वांत अधिक धावणारी, सर्वांत अधिक धूर ओकणारी वाहनेच नियमाच्या बाहेर राहिली!

1 एप्रिल 2017 रोजी 50 भागांचे इंधन सर्वत्र लागू झाले आणि 1 एप्रिल 2020 पासून पाचवा टप्पा वगळून भारत स्टेज सहा आला. आता गंधकाची मर्यादा 10 भागांची आहे, ती सोलापुरात तीच आणि औरादच्या आडगावातही तीच. जड वाहनांच्या काजळीची मर्यादा तिसऱ्या टप्प्यात दर किलोवॉट-तासास 0.10 ग्रॅम होती, ती 0.01 वर आली. निदान मर्यादेच्या हिशेबाने पाहता तिसऱ्या टप्प्याची एक मालमोटार आजच्या दहा मोटारींइतकी काजळी टाकते. आणि मालमोटारी दीर्घायुषी असतात. वाडी, मळखेड, सेडम येथील सिमेंट आणि कलबुर्गीची तूरडाळ वाहणाऱ्या ताफ्यांतून 2017 पूर्वीच्या गाड्या एका दिवसात नाहीशा होत नाहीत. धूरतपासणीचा दाखला त्यांनाही मिळतो, कारण डिझेल गाडीच्या त्या तपासणीत केवळ धुराचा दाटपणा मोजला जातो. नत्राचे अपायकारक वायू मोजलेच जात नाहीत.

उसाच्या मळीपासून व रसापासून होणाऱ्या इथेनॉलकडे या भागात मोठ्या आशेने पाहिले जाते. पेट्रोलमध्ये त्याचे मिश्रण 2022 साली दहा टक्क्यांवर पोचले व 2025 साली वीस टक्क्यांवर गेले. त्याने तेलाची आयात वाचते, पण हुमनाबादच्या रस्त्यावरील डिझेलच्या काजळीवर तो उतारा नव्हे. शिवाय पाण्याला मोताद असलेल्या या पठारावर ऊस किती लावावा, हा प्रश्न वेगळाच. मालवाहतुकीचा काही भार रेल्वेवर गेला तर अधिक लाभ होईल. बिदर-कलबुर्गी लोहमार्ग 2017 च्या ऑक्टोबरात सुरू झालेला आहे.

2019 साली केंद्राने स्वच्छ हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. त्याच्या यादीत सोलापूर व लातूर आहेत, कलबुर्गी आहे, हैदराबादच्या वेशीवरील पटनचेरूही आहे. या सर्वांच्या मधोमध वसलेले बिदर त्यात नाही. प्रत्येक शहराची योजना निराळी, तिचा निधी निराळा आणि तिची जबाबदारी आपापल्या राज्याच्या मंडळाकडे. शहरांना जोडणारा रस्ता कोणाच्याच योजनेत पुरता बसत नाही. जलप्रदूषणाच्या 1974 च्या कायद्यात शेजारी राज्यांनी संयुक्त मंडळ स्थापावे अशी सोय आहे. हवेसाठी अनेक राज्यांना बांधून घेणारा वैधानिक आयोग मात्र 2021 च्या कायद्याने दिल्ली व तिच्या परिसरासाठी निर्माण झाला. उमरगा, हुमनाबाद आणि जहीराबाद येथील परिवहन अधिकाऱ्यांनी एकाच दिवशी एकाच पद्धतीने वाहने तपासावीत आणि तिन्ही राज्यांनी हवेची मोजमापे एकत्र मांडावीत, एवढ्याला आयोगाचीही गरज नाही. राज्यांच्या बसगाड्या एकमेकांच्या हद्दीत धावाव्यात म्हणून परस्पर करार होतातच. तशाच एका करारात धुराचे कलम घालता येईल.