आधी नंबर, मग कटिंग

भोसरी, तळोजा किंवा वाळूजमधल्या कुठल्याही फॅब्रिकेशन शॉपच्या यार्डात पोलादाच्या प्लेटा रचलेल्या दिसतात. सगळ्यांचा रंग सारखा, गंजही सारखाच. त्यांतली एक साधी स्ट्रक्चरल असते, दुसरी बॉयलर क्वालिटीची, तिसरी क्रोम-मॉलिब्डेनमची. आयुष्य या कामात घालवलेला फिटरही नुसत्या नजरेने त्या वेगळ्या ओळखू शकत नाही. त्यांची ओळख कोपऱ्यात ठोकलेल्या नंबरात असते.

शॉपमध्ये त्याला हीट नंबर म्हणतात. भट्टीत एका वेळी वितळवलेला रस म्हणजे एक हीट, पोलादाचा एक घाणाच म्हणा. त्या रसाचा नमुना तपासून कार्बन, मँगनीज, सिलिकॉन, गंधक, फॉस्फरस यांचं प्रमाण नोंदवतात. प्लेट लाटून झाल्यावर तिचा तुकडा यंत्रात ओढून, तोडून बघतात. एसए-५१६ ग्रेड ७० ही प्रेशर व्हेसलची नेहमीची प्लेट घेतली, तर तिची ताणशक्ती किमान ४८५ मेगापास्कल भरावी लागते. हे सगळे आकडे टेस्ट सर्टिफिकेटवर, म्हणजे टीसीवर छापून येतात. टीसी फाइलमध्ये असते आणि प्लेट क्रेनला लटकलेली. दोघींना बांधून ठेवणारा धागा एकच, तो नंबर.

आपल्याकडे या कागदामागे मोठा इतिहास आहे. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं दगावली. त्यानंतर १८६४ मध्ये बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा आला आणि पुढे १९२३ मध्ये सबंध देशासाठी एक कायदा झाला. १९५० च्या भारतीय बॉयलर विनियमांनी पोलाद बनवणाऱ्याच्या प्रमाणपत्राला फॉर्म चार हा ठरावीक नमुना दिला. बॉयलरच्या शॉपमधला माणूस आजही ‘फॉर्म फोर आहे का?’ असं विचारल्याशिवाय प्लेटला हात लावत नाही.

प्लेट आत आली की स्टोअरमध्ये क्वालिटीवाला टीसीवरचा हीट नंबर, प्लेट नंबर आणि जाडी प्लेटवरच्या ठशाशी ताडून बघतो. जुळलं तर प्लेट पुढे जाते, नाहीतर बाजूला पडते. मग मार्कर ड्रॉइंग घेऊन तिच्यावर शेल, नोझलचे पॅड, लग यांच्या रेषा आखतो. खरी कसोटी इथे लागते. गॅस कटर पेटण्याआधी प्रत्येक तुकड्यावर आणि उरणाऱ्या ऑफकटवरही तोच नंबर पंचाने उतरवायचा. इन्स्पेक्टर तो मूळ नंबराशी पडताळून शेजारी आपला ठसा मारतो, त्यानंतर कटिंग. अमेरिकेच्या एएसएमई संहितेत सेक्शन आठच्या यूजी-७७ कलमाचा आशयही असाच आहे: मूळ खुणा कापल्या जाणार असतील, तर त्या आधीच नव्या तुकड्यांवर उतरवा, नाहीतर नोंद असलेली सांकेतिक खूण वापरा.

पंच मारणं दिसतं तितकं सोपं नाही. काठाला नंबर टाकला तर बेव्हल करताना तो घासून जातो. डिशएंड गरम करून दाबला की ठसा पपडीखाली जातो. शाफ्टच्या तोंडावरचा नंबर लेथवर पहिल्याच कटात उडतो, म्हणून आधी तो दुसरीकडे न्यावा लागतो. रंगाने लिहिलेलं शॉट ब्लास्टिंगमध्ये उरत नाही. अणकुचीदार पंचाचा खोल घाव म्हणजे भेगेला निमंत्रण, म्हणून महत्त्वाच्या भागांवर गोलसर टोकाचा, कमी ताण देणारा पंच वापरतात. स्टेनलेस स्टीलवर क्लोराइड नसलेल्या शाईचाच पेन चालतो. हे सगळं डोक्यात ठेवून जागा निवडणारा मार्कर हा पक्का कारागीर असतो.

हा धागा तुटला तर काय होतं, ते टेक्सस सिटीत दिसलं. तिथल्या बीपी रिफायनरीत २००५ च्या फेब्रुवारीत दुरुस्तीसाठी पाइपचे एल्बो काढले होते. दोन क्रोमयुक्त पोलादाचे, एक साध्या कार्बन स्टीलचा, दिसायला मात्र तिन्ही एकसारखे. परत बसवताना अदलाबदल झाली आणि साधा एल्बो गरम, दाबाखालच्या हायड्रोजनच्या वाटेत आला. हायड्रोजनने तो आतून पोखरला. सुमारे तीन महिने चालल्यावर, २८ जुलैला, तो फुटून आग लागली. सुदैवाने एकजण किरकोळ जखमी झाला, पण नुकसान सुमारे ३ कोटी डॉलरचं होतं.

नोंदवहीतला घोळही इतकाच घातक ठरू शकतो. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाची टायटॅनियमची फॅन डिस्क उडत्या विमानात फुटली. सू सिटीला उतरताना विमान कोसळलं आणि २९६ जणांपैकी ११२ जण गेले. दोषाचं मूळ टायटॅनियम वितळवतानाच्या अवस्थेत सापडलं. चौकशीत उत्पादकाच्या नोंदींत एकाच अनुक्रमांकाच्या दोन डिस्क आढळल्या. त्यांतली एक तपासणीत नापास झालेली होती. ज्या नंबरावरून उत्तर मिळायचं, तोच नंबर दोघींचा निघाला.

आता बारकोड आले आहेत आणि धातू ओळखणारी एक्स-रे गनही हातात आली आहे. गन क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम क्षणात सांगते. पण पोलादातला कार्बन तिला मोजता येत नाही. प्लेटवर कोणती उष्णता-प्रक्रिया झाली, आघात-चाचणीत ती टिकली का, हे तिला कळत नाही. एखाद्या हीटमध्ये दोष निघाला, तर त्याच हीटचे बाकीचे तुकडे कुठल्या व्हेसलमध्ये गेले, हेही ती सांगणार नाही. ते फक्त नंबर आणि रजिस्टर सांगतं.

लहान शॉपच्या मालकांना म्हणून एक कळकळीची विनंती आहे. डिलिव्हरीची घाई असेल तेव्हाही मार्करला नंबर उतरवायला आणि इन्स्पेक्टरला तो बघायला वेळ द्या. नंबर नसलेला ऑफकट कितीही महागाचा असला, तरी प्रेशरच्या कामाला घेऊ नका. कापून झाल्यावर फाइल उघडून जुळेलसा हीट नंबर ठोकणं ही खोटी साक्ष आहे, आणि तिची किंमत बॉयलरशेजारी उभा राहणारा ऑपरेटर मोजतो. त्याने ती प्लेट कधी पाहिलेली नसते. तुमच्या पंचावर भरवसा ठेवूनच तो रोज ड्यूटीवर येतो.