पथारीवरची मिरची, डब्यातली पावडर

दिवाळीच्या आगेमागे नंदुरबार शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनी लाल होऊ लागतात. शेतकरी ओली लाल मिरची बाजार समितीत आणतो, लिलाव होतो आणि व्यापारी ती उचलून आपल्या पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या जागेवर, पसरतो. मिरचीच्या व्यापारात गुंटूरच्या पाठोपाठ नंदुरबारचं नाव घेतलं जातं, ते याच पथाऱ्यांच्या जोरावर. मिरची उलथत राहायची, वाळली की मजूर बायांनी देठ खुडायचे, मग माल गिरणीकडे किंवा मसाला कंपनीकडे. मधेच अवकाळी पाऊस आला की ताडपत्र्यांची धावपळ उडते. दुसऱ्या दिवशी पेपरात भिजलेल्या मिरचीचे फोटो आणि नुकसानीचे आकडे छापून येतात. ती भिजलेली मिरची पुन्हा वाळवल्यावर कुठे जाते, हे मात्र त्या बातमीत सहसा नसतं.

तब्येतीसाठी म्हणून आपण ज्या पावडरी आणि कॅप्सूल घेतो, हळद, अश्वगंधा, शतावरी, सफेद मुसळी, शेवग्याचा पाला, त्यांची गोष्टही अशीच सुरू होते. डबा कितीही चकचकीत असो, आतला माल कुठल्या तरी जमिनीवर नाहीतर पत्र्यावर वाळलेला असतो. म्हणून भेसळ-दूषण आणि त्याची तपासणी समजून घ्यायची तर पथारीपासून निघालेलं बरं.

ओल्या मिरचीच्या वजनात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असतं. टिकवायची तर ते दहा-अकरा टक्क्यांवर आणावं लागतं. या दोन टोकांच्या मधले दिवस जोखमीचे. ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची हिरवट-पिवळी बुरशी मातीत असतेच. ओल आणि ऊब मिळाली की ती वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. त्यातलं बी-1 माणसाच्या यकृताला कर्करोग करतं, हे पुरेपूर सिद्ध झालेलं आहे. पुढे ऊन दाखवलं की बुरशी थांबते, विष उरतं. फोडणीच्या तेलातही ते पूर्ण जात नाही. आणि एकदा दळण झालं की काळा डाग पडलेली मिरची बाजूला काढायची सोयही संपते.

हे विष काय करू शकतं, हे आपल्या शेजारीच दिसलं आहे. 1974 च्या पावसाळ्यानंतर राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात, म्हणजे सातपुड्याच्या पायथ्यासारख्याच मका खाणाऱ्या भिल्लांच्या मुलखात, कावीळ आणि पोटात पाणी होण्याची साथ आली. दोनशेहून अधिक गावं, 397 रुग्ण, 106 मृत्यू. घरातलंच उष्टंपाष्टं खाणारी कुत्रीही तशीच आजारी पडली. त्यामुळे लक्ष अन्नाकडे वळलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कृष्णमाचारी आणि सहकाऱ्यांनी मका तपासला, तर किलोमागे सुमारे 6 ते 15 मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन निघालं. आज आपल्याकडे मसाल्यांसाठी मर्यादा आहे किलोमागे 30 मायक्रोग्रॅम. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटीचा फरक आहे, तो ध्यानात ठेवून ते आकडे पुन्हा वाचावेत. युरोपची मर्यादा आणखी कडक, 10.

बुरशी न बोलावता येते. रंग बोलावून आणला जातो. भिजलेल्या मिरचीचा लाल उतरतो आणि भाव पडतो, तिथे सुदानसारखा मेणात वापरायचा रंग मिसळण्याचा मोह होतो. फेब्रुवारी 2005 मध्ये ब्रिटनमध्ये एका सॉसमध्ये सुदान-1 सापडला. माग काढत गेल्यावर धागा भारतातून आलेल्या मिरची पुडीपाशी पोचला आणि चारशेहून अधिक खाद्यपदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. या रंगासाठी मसाला मंडळाने निर्यातीच्या मिरचीवर सक्तीची तपासणी आणली. हळदीत हीच करामत लेड क्रोमेट करतं, आणि त्याबरोबर शिसं येतं. कॅडमियमसारखे काही धातू मातीतून, खतातून मुळांत चढतात. तिथे लबाडीची गरजही नसते.

आता तपासणी. लोकांचा सगळा विश्वास यंत्रावर असतो. माझ्या मते खरी गोम यंत्रापर्यंत पोचायच्या आधीच आहे: नमुना घेण्यात. अफ्लाटॉक्सिन ढिगात सारखं पसरलेलं नसतं. शिऱ्याच्या पातेल्यातून एकच चमचा काढला तर त्यात बेदाणा येईलच असं नाही, तसं हे. हिशेब करून पाहा. समजा एक ग्रॅमच्या एका सडक्या मिरचीत किलोमागे 10,000 मायक्रोग्रॅम या प्रमाणात विष आहे, म्हणजे त्या मिरचीत प्रत्यक्ष 10 मायक्रोग्रॅम. ती एक किलो निर्दोष मिरचीत पडली, की तो अख्खा किलो युरोपच्या मर्यादेवर जाऊन पोचला. ती एक मिरची मुठीत आली नाही, तर त्याच मालाचा निकाल शून्य. म्हणून मोठ्या मालातून वेगवेगळ्या पोत्यांतून, वरून, मधून, तळातून थोडं थोडं काढायचं, ते सगळं एकत्र दळायचं, आणि मग त्यातला चिमूटभर भाग प्रयोगशाळेच्या टेबलावर न्यायचा. आधी दळणं महत्त्वाचं. अख्ख्या मिरच्यांतली मूठभर उचलून पाठवली तर पुढचं सगळं काटेकोर काम वाया जातं.

टेबलावरचं काम त्या मानाने सरळ आहे. दळलेला नमुना द्रावकात घुसळून गाळतात. गाळलेला द्रव अशा नळीतून सोडतात जिच्या आत फक्त अफ्लाटॉक्सिनला धरून ठेवणारी प्रतिपिंडं बसवलेली असतात. बाकीचं वाहून गेलं की धरलेलं विष सोडवून एचपीएलसी यंत्रात घालतात. तिथे अतिनील प्रकाशात ते चमकतं आणि चमकेवरून प्रमाण निघतं. धातूंसाठी नमुना आम्लात विरघळवून आयसीपी-एमएस या यंत्रात घालतात. साल्मोनेला हा जिवाणू 25 ग्रॅममध्ये एकही सापडता कामा नये.

मग येतो तो कागद, ज्याचा फोटो विक्रेते अभिमानाने दाखवतात. त्यावर बारीक अक्षरांत बहुधा लिहिलेलं असतं की निकाल फक्त तपासलेल्या नमुन्यापुरता आहे. नमुना कंपनीने स्वतः आणून दिला होता की प्रयोगशाळेच्या माणसाने गोदामातून काढला, हेही त्यात कळतं. एका बॅचचा रिपोर्ट वर्षभर सगळ्या डब्यांसाठी फिरवणारे कमी नाहीत. डब्यावरचा बॅच क्रमांक आणि रिपोर्टवरचा क्रमांक ताडून पाहणं एवढं साधं काम गिऱ्हाईक करत नाही.

अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग होतात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो आणि त्याने 14 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. उरलेले राखून ठेवतात, कारण व्यापाऱ्याला निकाल मान्य नसेल तर दुसरीकडे तपासायला काहीतरी शिल्लक हवं.

पूरक आहाराची अडचण इथे वेगळी होते. मिरची आपण चिमटीने खातो. पावडर चमच्याने, रोज, महिनोन्‌महिने. वनस्पतीजन्य आयुर्वेदिक औषधांत शिशाची मर्यादा आहे दहा लाखांत 10 भाग, म्हणजे ग्रॅममागे 10 मायक्रोग्रॅम. नेमकी या मर्यादेवर ‘पास’ झालेली पावडर कोणी रोज 5 ग्रॅम घेतली, तर 50 मायक्रोग्रॅम शिसं पोटात गेलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांसाठी अन्नातून जाणाऱ्या शिशाचा रोजचा संदर्भ आकडा धरला आहे 8.8 मायक्रोग्रॅम. प्रत्यक्षात बहुतेक पावडरींत शिसं मर्यादेपेक्षा पुष्कळ कमी असेल, पण ‘पास’ या शब्दात दिवसाची मात्रा धरलेली नाही, एवढं खरं.

गंमत अशी की एकच अश्वगंधा दोन कायद्यांखाली विकली जाते. डब्यावर अन्न परवान्याचा 14 आकडी क्रमांक असेल तर ती आरोग्यपूरक अन्न, आणि त्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना हवी. आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना असेल तर नियम वेगळे.

प्रोटीन पावडरींचं प्रकरण तर आणखी पुढचं. प्रथिनं मोजायच्या नेहमीच्या पद्धतीत खरं तर नायट्रोजन मोजतात आणि त्याला 6.25 ने गुणतात. म्हणून ग्लायसीनसारखं स्वस्त अमिनो आम्ल घातलं की आकडा फुगतो. 2024 मध्ये केरळमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतात विकल्या जाणाऱ्या 36 पावडरी तपासल्या गेल्या. 25 मध्ये प्रथिनांचा आकडा लेबलशी जुळला नाही आणि सुमारे 14 टक्क्यांत अफ्लाटॉक्सिन सापडलं.

नंदुरबार जिल्ह्यातल्याच धडगाव-अक्कलकुव्याकडे आमचूर, मोहाचे पदार्थ, शेवग्याची पावडर करणाऱ्या बचत गटांना हे सगळं ऐकून धास्ती वाटेल. महाग यंत्रं त्यांना परवडायची नाहीत, आणि पहिल्या पायरीवर ती लागतही नाहीत. जमिनीपासून उंच जाळीवर वाळवणं, रात्री दव पडण्याआधी झाकणं, डागी फोडी दळण्याआधी निवडून टाकणं आणि पोतं शिवण्याआधी ओलावा मापकाने आकडा घेऊन वहीत लिहिणं, एवढ्याने बुरशीची वाट बरीचशी अडते. एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत मग वर्षातून ठरावीक बॅचेस पाठवाव्यात, आणि प्रत्येक बॅचचं एक सीलबंद पाकीट मुदत संपेपर्यंत कपाटात ठेवावं. तक्रार आली तर दुकानातला फोडलेला डबा कुणी कसा ठेवला होता याचा भरवसा नसतो. ताडून पाहायला ते पाकीटच लागतं.