गाण्याचा धनी कोण ?

संगीताची विद्या गुरूच्या पायाशीं बसून मिळते. परंतु तिच्यापासून उत्पन्न होणाऱ्या धनाचा हिशेब कागदावरच ठरतो. वर्षानुवर्षें रियाज करणारा गायक करारपत्रावर मात्र घटकाभरांत सही करून मोकळा होतो. आणि पुढें आपलेंच गाणें घरोघर वाजूं लागलें म्हणजे त्यावर आपला कांहीं हक्क उरला आहे कीं नाहीं, हें त्याला सांगतां येत नाहीं.

कायद्याच्या दृष्टीनें गाणें ही एक वस्तु नसून त्यांत अनेकांचे वांटे असतात. १९११ सालीं रंगभूमीवर आलेलें ‘मानापमान’ नाटक घ्यावें. त्यांतील पदें कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचीं, चाली गोविंदराव टेंबे यांच्या आणि गळा बालगंधर्वांचा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें शब्दांचा हक्क कवीचा, चालीचा रचनाकाराचा आणि ध्वनिमुद्रिकेचा ती तयार करविणाऱ्याचा.

यांपैकीं पहिले दोन हक्क कर्त्याच्या हयातीत व मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षें टिकतात. खाडिलकर १९४८ सालीं वारले. त्यांचा हक्क २००८ अखेर संपला. टेंबे १९५५ सालीं वारले. चालींचा हक्क धरला तरी तोहि २०१५ अखेर संपला. म्हणून तीं पदें आतां कोणीहि गावींत. परंतु कोणी तींच पदें अलीकडे ध्वनिमुद्रित केलीं असतील, तर ती मुद्रिका प्रसिद्धीनंतर ६० वर्षें तिच्या मालकाची. तिच्या प्रती विनापरवाना काढून विकतां येत नाहींत.

राग मात्र कोणाच्याच मालकीचा नाहीं. यमन सर्वांचा, यमनांत बांधलेली नवी बंदिश बांधणाऱ्याची. १९९४ च्या दुरुस्तीपूर्वी संगीतरचना लेखनांत उतरल्याखेरीज कायदा तिला ओळखत नसे. मुखपरंपरेनें चालत आलेल्या विद्येस ही अट फार जाचक होती. ती आतां नाहीं. तरीहि वाद पडल्यास पुरावा लागतोच. यास्तव नव्या बंदिशीचें स्वरलेखन करून त्यावर तारीख घालावी. सरकारी नोंदणी सक्तीची नाहीं, हक्क रचनेबरोबरच जन्मतो. पण नोंद असली तर न्यायालयांत ती उपयोगी पडते.

त्याच दुरुस्तीनें गायक-वादकांनाहि स्वतंत्र हक्क मिळाला. त्यांच्या संमतीवांचून त्यांचें गायन-वादन ध्वनिमुद्रित करतां येत नाहीं. या हक्काची मुदत प्रथम २५ वर्षें होती. १९९९ च्या दुरुस्तीनें ती ५० वर्षें झाली.

खरा धोका कराराच्या वेळीं असतो. चित्रपटासाठीं मोबदला घेऊन गाणें रचलें आणि उलट करार नसला, तर त्याचा पहिला धनी निर्माता, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं दिला. गाणें कितीहि गाजलें तरी एकरकमी पैसे घेतलेल्या कवीला व संगीतकाराला त्यापुढें कांहीं मागतां येईना. २१ जून २०१२ पासून अमलांत आलेल्या दुरुस्तीनें हा अन्याय बराचसा दूर केला. चित्रपटगृहांत चित्रपटाबरोबर होणारा उपयोग सोडून, गाण्याच्या इतर उपयोगाच्या रॉयल्टींत कवीचा व संगीतकाराचा बरोबरीचा वांटा ठरला. हा वांटा वारसांना किंवा हक्कदारांच्या नोंदणीकृत संस्थेलाच देतां येतो. दुसऱ्या कोणाला लिहून दिला तर तेवढा करार रद्द समजला जातो. अशी रॉयल्टी गोळा करणारी ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ ही संस्था १९६९ सालीं स्थापन झाली.

हक्क दुसऱ्यास देणें तें लेखी व सहीनिशीं असावें लागतें. कोणती रचना, कोणता हक्क, किती वर्षें, कोणत्या प्रदेशापुरता व किती मोबदल्यावर, या पांच गोष्टी त्यांत पाहाव्या. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षें धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतात. ‘सर्व हक्क कायमचे’ असे तीन शब्द दिसले कीं लेखणी खालीं ठेवावी, कागद घरीं न्यावा आणि जाणत्या वकिलास दाखवावा.

वकिलाची फी एकदांच द्यावी लागते. बेसावधपणें केलेल्या सहीची किंमत मात्र कलावंताच्या मागें त्याचीं मुलेंबाळें ६० वर्षें देत राहतात.